सोन्याहून मोलाचे प्राण : चिनी वैद्यराज सुन सिमियाओ यांचे जीवन

ॲक्युपंक्चर आणि पारंपरिक चिनी वैद्यक ही नावे आता भारतीयांना अपरिचित राहिलेली नाहीत. तरीही या पद्धतीचा उपचार प्रथमच घेणाऱ्या रुग्णाच्या मनात अनेक शंका असतात. दुखणे गुडघ्याचे असताना सुई हाताला का टोचली जाते, वैद्य दोन्ही मनगटांची नाडी इतका वेळ का तपासतात, उपचारांबरोबर आहाराचे पथ्य का सांगितले जाते आणि मुख्य म्हणजे या उपचारांकडून किती अपेक्षा ठेवावी, हे प्रश्न स्वाभाविक आहेत. सुमारे साडेतेराशे वर्षांपूर्वी चीनमधील एका वैद्याने या प्रश्नांचा सविस्तर विचार करून तो ग्रंथबद्ध केला. त्यांचे नाव सुन सिमियाओ. चीनमध्ये ते आजही ‘याओवांग’, म्हणजे औषधांचा राजा, या उपाधीने ओळखले जातात.

औषधोपचारांत गेलेली संपत्ती

सुन सिमियाओ यांचा जन्म वायव्य चीनमधील हुआयुआन येथे झाला. हे ठिकाण आज शान्शी प्रांतातील तोंगछुआन शहराच्या याओझोऊ विभागात येते. त्यांचे जन्मवर्ष सर्वसाधारणपणे इ. स. ५८१ मानले जाते. याच वर्षी सुई घराण्याची राजवट सुरू झाली आणि त्यानंतर काही वर्षांतच विभागलेला चीन पुन्हा एका सत्तेखाली आला. काही अभ्यासक त्यांचा जन्म यापूर्वीचा असल्याचे मानतात. मात्र ते दीर्घायुषी होते आणि इ. स. ६८२ मध्ये त्यांचे निधन झाले, याविषयी फारसा मतभेद नाही.

बालपणी त्यांची प्रकृती अत्यंत नाजूक होती. थंडी-वाऱ्याच्या विकाराने ते वरचेवर आजारी पडत. त्यांना एका वैद्याकडून दुसऱ्या वैद्याकडे नेले जाई आणि काढ्यांवर इतका खर्च झाला की कुटुंबाची संपत्ती संपुष्टात आली. ही हकिगत त्यांनी स्वतःच आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत नमूद केली आहे. पुढील आयुष्यात त्यांनी घेतलेल्या अनेक निर्णयांचे मूळ या अनुभवात सापडते. घरातील एका व्यक्तीचे आजारपण संपूर्ण कुटुंबाला कसे दारिद्र्यात लोटते, हे त्यांनी रुग्णशय्येवरून पाहिले होते.

शरीर दुर्बल असले तरी त्यांची बुद्धी तल्लख होती. सातव्या वर्षी त्यांच्या शिक्षणाला प्रारंभ झाला आणि ते दररोज हजाराहून अधिक अक्षरे मुखोद्गत करीत, असे चिनी इतिहासग्रंथांत म्हटले आहे. विशीत पोहोचेपर्यंत लाओत्से आणि च्वांगत्से यांच्या तत्त्वज्ञानावर ते अधिकाराने विवेचन करू लागले. बौद्ध ग्रंथांचाही त्यांचा व्यासंग होता. अठराव्या वर्षी त्यांनी वैद्यकाचा गांभीर्याने अभ्यास करण्याचा निश्चय केला आणि लवकरच आप्तेष्ट व शेजारी त्यांच्याकडे उपचारांसाठी येऊ लागले.

अखंड अध्ययन

त्या काळी चीनमध्ये वैद्यकीय ज्ञान विखुरलेले होते. अनेक गुणकारी योग विशिष्ट घराण्यांच्या किंवा गुरुपरंपरांच्या मालकीचे असत आणि ते बाहेरच्या व्यक्तीला सांगितले जात नसत. नाडीपरीक्षा, वनस्पती गोळा करणे अथवा औषध सिद्ध करणे यांपैकी एखाद्या बाबतीत कोणी आपल्याहून सरस असल्याचे समजले, तर सुन सिमियाओ दूरचा प्रवास करून त्याच्याकडे जात आणि त्याचे शिष्यत्व पत्करत. केस पांढरे झाले तरी त्यांच्या हातातील ग्रंथ सुटला नाही.

ज्ञान लपवून ठेवण्याच्या प्रथेचा त्यांना स्वतःलाही फटका बसला. दुसऱ्या व तिसऱ्या शतकांच्या संधिकाळात होऊन गेलेले थोर वैद्य झांग झोंगजिंग यांचा तापाच्या विकारांवरील ग्रंथ त्यांना अभ्यासायचा होता. परंतु दक्षिणेकडील वैद्य त्यातील महत्त्वाचे योग गुप्त ठेवत असल्याने तो पूर्ण स्वरूपात मिळू शकला नाही. ही खंत त्यांनी आपल्या पहिल्या मोठ्या ग्रंथात व्यक्त केली. अखेर वृद्धापकाळी तो मजकूर त्यांच्या हाती आला, तेव्हा त्यांनी आपल्या दुसऱ्या ग्रंथातील दोन खंड त्यासाठी राखून ठेवले आणि ते ज्ञान सर्वांसाठी खुले केले.

त्यांच्या वास्तव्याचा मोठा काळ छिनलिंग पर्वतरांगेतील ताइबाई पर्वताच्या परिसरात गेला. औषधी वनस्पती कोणत्या प्रदेशातील असावी, कोणत्या ऋतूत खुडावी, सावलीत वाळवावी की उन्हात, याच्या नोंदी त्यांनी बारकाईने ठेवल्या. चुकीच्या हंगामात तोडलेली वनस्पती आणि कुजके लाकूड यांत फरक राहत नाही, अशा आशयाचे त्यांचे प्रतिपादन आहे.

स्वतःच्या आजारांच्याही त्यांनी नोंदी केल्या. इ. स. ६३३ मध्ये नैऋत्य चीनमधील नेईजियांग येथे असताना त्यांनी मद्य जरा अधिक घेतले. रात्री हातपाय ठणकू लागले, पहाटे डोके दुखू लागले आणि कपाळावर लालसर सूज आली. मोहरीच्या कुळातील एका भाजीची पाने ठेचून त्यांचा लेप लावल्यावर त्यांना आराम पडला. स्वतःचा अतिरेक न लपवता त्यांनी दिनांकासह ही हकिगत नोंदवली आहे.

ग्रंथाच्या नावामागील विचार

इ. स. ६५२ मध्ये त्यांचा ‘छियानजिन याओफांग’ हा ३० खंडांचा ग्रंथ पूर्ण झाला. सहस्र सुवर्णमुद्रांच्या मोलाचे अत्यावश्यक योग, असा या नावाचा आशय आहे. मनुष्याच्या प्राणांचे मोल हजार सुवर्णमुद्रांहून अधिक असून एखाद्या योगाने ते वाचत असतील तर त्या योगाचे पुण्य त्याहूनही श्रेष्ठ होय, ही त्यामागील भूमिका होती. औषधांवर आपल्या वडिलांची संपत्ती खर्च होताना पाहिलेल्या वैद्याने सोन्याची तुलना प्राणांशी करावी, हे लक्षणीय आहे. सुमारे ५,३०० योगांचा समावेश असलेला हा ग्रंथ चीनमधील पहिला वैद्यकीय विश्वकोश म्हणून गौरवला जातो. संकटकाळी सामान्य घरातही त्याचा उपयोग व्हावा, असा त्यांचा हेतू होता.

ग्रंथाची रचनाही वैशिष्ट्यपूर्ण आहे. प्रारंभीच्या सर्वसाधारण विवेचनानंतर स्त्रियांच्या विकारांना आणि त्यापाठोपाठ बालकांच्या विकारांना स्थान देण्यात आले आहे. पुरुषांचे विकार नंतर येतात. स्त्री आणि बालक सुरक्षित नसतील तर मानवाचे सातत्यच उरणार नाही, असे त्यामागील कारण त्यांनी दिले. गर्भवतीची काळजी, प्रसूती, नवजात अर्भकाचे संगोपन या विषयांवर त्यांनी स्वतंत्र प्रकरणे लिहिली.

ग्रंथातील काही उपाय आधुनिक वाचकाला थक्क करतात. गळ्यावरील गलगंडासाठी त्यांनी मेंढी व हरीण यांच्या गळ्यातील ग्रंथी आणि समुद्रशेवाळ सुचवले. या पदार्थांत आयोडीन किंवा थायरॉइडचे संप्रेरक असते, हे विज्ञानाला पुढे बाराशे वर्षांनी कळले. रातांधळेपणासाठी त्यांनी प्राण्यांचे यकृत खाण्याचा सल्ला दिला. यकृतात जीवनसत्त्व ‘अ’ भरपूर असते. लघवी अडलेल्या रुग्णासाठी कांद्याच्या पातीची पोकळ नळी वापरून मूत्रमार्ग मोकळा करण्याची कृतीही त्यांनी वर्णन केली आहे.

उपचारांचा क्रम

पारंपरिक चिनी वैद्यकानुसार शरीरात ‘छी’ नावाची जीवनशक्ती ठरावीक मार्गांनी वाहत असते. यिन आणि यांग या परस्परपूरक तत्त्वांचा समतोल ढळला किंवा या प्रवाहात अडथळा आला, तर विकार उद्भवतो. त्यामुळे वैद्य रुग्णाचे निरीक्षण करतो, त्याचा आवाज व श्वास ऐकतो, झोप, भूक, तहान, घाम, मलमूत्र यांविषयी विचारणा करतो आणि शेवटी नाडी पाहतो. प्रत्येक मनगटावर तीन ठिकाणी बोटे ठेवून नाडीचा वेग, खोली व जोर तपासला जातो. जीभ पाहण्याच्या पद्धतीचा विस्तार सुन सिमियाओ यांच्यानंतरच्या शतकांत झाला. प्रथमच जाणाऱ्या रुग्णाला असंबद्ध वाटणारे प्रश्न विचारले जातात, त्यामागे ही परंपरा आहे.

निदान झाल्यावर थेट औषध देणे सुन सिमियाओ यांना मान्य नव्हते. वैद्याने प्रथम विकाराचे मूळ शोधावे, त्यानंतर आहारात बदल करावा आणि त्याने गुण आला नाही तरच औषध योजावे, असा क्रम त्यांनी घालून दिला. ग्रंथातील एक संपूर्ण खंड आहारचिकित्सेला वाहिलेला असून त्यात फळे, भाज्या, धान्ये आणि मांस यांचे गुणधर्म सांगितले आहेत. आहारावर भागणाऱ्या दुखण्याला औषध लागत नाही आणि कुटुंबाचा खर्चही वाचतो.

सुई टोचणे आणि औषध देणे हे दोन वेगळे व्यवसाय असल्याचे तत्कालीन वैद्य मानत. सुन सिमियाओ यांनी हा भेद नाकारला. सुई, मॉक्सा आणि औषध यांपैकी एकच जाणणारा वैद्य त्यांच्या मते परिपूर्ण नव्हता. मॉक्सा म्हणजे दवण्याच्या कुळातील एका वनस्पतीच्या वाळलेल्या पानांचा कापसासारखा केलेला गाभा. तो पेटवून ठरावीक बिंदूंना शेक दिला जातो. सुई, मॉक्सा आणि औषधे यांची रुग्णाच्या गरजेनुसार सांगड घालावी, असा त्यांचा आग्रह होता.

रुग्णाच्या शरीराचे माप

ॲक्युपंक्चरमध्ये सुन सिमियाओ यांचे योगदान विशेष महत्त्वाचे मानले जाते. त्यांच्या काळी उपलब्ध असलेल्या बिंदूंच्या आकृत्या वारंवार नकला होऊन सदोष झाल्या होत्या. बिंदू बोटभर चुकला तरी उपचार वाया जातो. म्हणून त्यांनी जुने ग्रंथ पडताळून मानवी शरीराच्या समोरून, पाठीमागून आणि बाजूने अशा तीन मोठ्या आकृत्या तयार करवल्या. त्यांत १२ मुख्य मार्ग पाच रंगांत आणि आठ विशेष मार्ग हिरव्या रंगात दाखवले होते. मूळ रंगीत आकृत्या काळाच्या ओघात नष्ट झाल्या, तरी त्यांचे वर्णन ग्रंथात शिल्लक आहे.

बिंदूचे स्थान मोजताना लाकडी पट्टी किंवा वैद्याचे बोट प्रमाण मानू नये, हे त्यांनी स्पष्ट केले. रुग्णाच्या स्वतःच्या मधल्या बोटाचे पेर हे एक ‘त्सुन’ धरावे आणि त्या मापाने त्याच्या शरीरावरील अंतरे मोजावीत, अशी रीत त्यांनी सांगितली. त्यामुळे उंच पुरुष, ठेंगणी स्त्री आणि लहान मूल या प्रत्येकाचे माप त्याच्याच देहातून मिळते. ॲक्युपंक्चर शिकणारा विद्यार्थी आजही बोटांच्या या मापापासून अभ्यासाला प्रारंभ करतो.

आणखी एका पद्धतीची नोंद त्यांच्या ग्रंथात आढळते. वैद्य दुखऱ्या भागावर हळूहळू दाबत जातो आणि नेमकी जागा सापडताच रुग्ण उद्गारतो. चिनी भाषेत ‘आ’ हा उद्गार आणि ‘शी’ म्हणजे हो, बरोबर. यावरून अशा बिंदूंना ‘आशी’ हे नाव पडले. हे बिंदू कोणत्याही आकृतीत नसतात आणि ते शोधण्यासाठी वैद्याला रुग्णाच्या प्रतिसादावर अवलंबून राहावे लागते. शेकडो बिंदूंच्या आकृत्या काटेकोरपणे रेखाटणाऱ्या या वैद्याने रुग्णाच्या वेदनेला आकृतीइतकेच प्रमाण मानले.

भारताशी नाते

सुन सिमियाओ यांच्या काळात चीनची राजधानी छांगआन हे आशियातील मोठे सांस्कृतिक केंद्र होते. त्यांच्या हयातीतच ह्युएनत्संग भारताची यात्रा करून इ. स. ६४५ मध्ये तेथे परतले. बौद्ध ग्रंथांबरोबर भारतीय वैद्यकविचारही चीनमध्ये पोहोचला होता आणि त्याचे स्पष्ट ठसे सुन सिमियाओ यांच्या लेखनात दिसतात. पृथ्वी, आप, तेज आणि वायू या चार महाभूतांच्या असंतुलनातून प्रत्येकी १०१ याप्रमाणे एकूण ४०४ विकार उद्भवतात, हा बौद्ध परंपरेतील विचार त्यांनी स्वीकारला. त्यांच्या ग्रंथात भारतीय अंगमर्दनाच्या १८ क्रियांचे वर्णन आहे. हातांची घासणी, सांध्यांना दिलेला पीळ, बसून केलेले ताण असे हे व्यायाम वृद्धांनी नित्य करावेत, असे त्यांनी सुचवले.

भगवान बुद्धांचे वैद्य म्हणून प्रसिद्ध असलेल्या जीवकाचा उल्लेखही त्यांच्या लेखनात आढळतो. तक्षशिला येथील गुरूंनी परीक्षेसाठी औषधी गुण नसलेली वनस्पती शोधून आणण्यास सांगितले असता जीवक रिकाम्या हाताने परतला, ही कथा भारतात सर्वपरिचित आहे. जगात औषध नाही असा पदार्थच नाही, हा जीवकाच्या नावे सांगितला जाणारा विचार सुन सिमियाओ यांनी मान्य केला. औषधी द्रव्यांचा शोध आपल्या देशाच्या सीमेपाशी थांबू नये, ही त्यांची धारणा त्यातून दिसते.

वैद्याचे आचरण

‘छियानजिन याओफांग’च्या पहिल्या खंडात थोर वैद्याच्या निष्ठेविषयी एक छोटे प्रकरण आहे. चीनमधील वैद्यकीय नीतिशास्त्राचा पाया म्हणून त्याकडे पाहिले जाते. रुग्ण श्रीमंत आहे की गरीब, वृद्ध की बालक, सुंदर की कुरूप, मित्र की वैरी, स्वदेशीय की परदेशीय, हा विचार वैद्याने मनात आणू नये आणि प्रत्येकाला आपल्या निकटच्या आप्ताप्रमाणे मानावे, असे त्यात सांगितले आहे. रात्र, थंडी, भूक, थकवा या सबबी सांगू नयेत. रुग्णाच्या घरातील रेशीम, पक्वान्ने व संगीत यांकडे लक्ष देऊ नये. रुग्ण वेदनेने तळमळत असताना वैद्याने त्यांत रमावे, ही त्यांच्या दृष्टीने लज्जास्पद बाब होती.

दुसऱ्या वैद्यांची निंदा करून स्वतःचा गौरव करणे, एखादा रुग्ण योगायोगाने बरा झाल्यावर मान ताठ करून मिरवणे, रुग्ण धनाढ्य असल्याचे पाहून मुद्दाम दुर्मीळ व महाग औषध लिहून देणे, हे सर्व त्यांनी निषिद्ध ठरवले. एका जिवाला वाचवण्यासाठी दुसरा जीव घेणे त्यांना पटत नव्हते. त्यामुळे जिवंत प्राण्यांचा औषधासाठी वापर त्यांनी शक्य तेवढा टाळला.

अर्धवट ज्ञानाविषयी त्यांनी विशेष सावध केले आहे. तीन वर्षे ग्रंथ वाचलेल्या माणसाला जगात असाध्य रोगच नाही असे वाटते आणि त्यानंतर तीन वर्षे रुग्ण तपासल्यावर त्याला उपयोगी पडेल असा योगच सापडेनासा होतो, असे त्यांचे निरीक्षण आहे.

राजदरबाराचा नकार

सुन सिमियाओ यांची कीर्ती दरबारापर्यंत पोहोचली होती. सुई घराण्याच्या संस्थापकाने त्यांना पद देऊ केले असता त्यांनी आजारपणाचे कारण सांगून ते नाकारले, असे इतिहासग्रंथ सांगतात. तांग घराण्यातील सम्राट ताइझोंग यांनी त्यांना छांगआन येथे पाचारण केले आणि त्यांची तरुणासारखी कांती पाहून आश्चर्य व्यक्त केले. सन्मान देऊ केला असता त्यांनी तो स्वीकारला नाही. सम्राट गाओझोंग यांनीही इ. स. ६५९ मध्ये त्यांना बोलावून दरबारात उच्च पद देण्याची तयारी दर्शवली, परंतु त्यांचा निर्णय बदलला नाही. ते राजधानीत राहिले, सम्राटाला सल्ला देत राहिले, मात्र अधिकारपद त्यांनी कधीही घेतले नाही. इ. स. ६७४ मध्ये प्रकृतीच्या कारणास्तव त्यांनी परत जाण्याची अनुमती मागितली, तेव्हा सम्राटाने त्यांना एक उत्तम घोडा आणि दिवंगत राजकन्येचा वाडा दिला.

बरा न झालेला शिष्य

याच वाड्यात इ. स. ६७३ मध्ये एक रुग्ण वास्तव्यास होता. आरंभीच्या तांग काळातील चार श्रेष्ठ कवींमध्ये गणना होणारे लू झाओलिन असाध्य व्याधीने ग्रासले होते. हळूहळू त्यांचे हातपाय निकामी होत गेले. सुन सिमियाओ यांना ते गुरू मानत. गुरूंनी आपले वय ९३ सांगितले, या वयातही त्यांची दृष्टी व श्रवणशक्ती तीक्ष्ण होती आणि जुन्या राजवटींच्या घटना ते प्रत्यक्ष पाहिल्याप्रमाणे सांगत, असे लू यांनी लिहून ठेवले आहे. सुन सिमियाओ यांचे जन्मवर्ष ५८१ मानले जाते, त्यामागे ही नोंद आहे.

लू यांनी गुरूंना थोर वैद्य रोग कसा बरा करतो, असे विचारले होते. उत्तरादाखल सुन सिमियाओ यांनी निसर्गातील ऋतुचक्र आणि शरीरातील घडामोडी यांची तुलना केली. अवर्षण, महापूर, भूकंप हे जसे सृष्टीचे विकार, तसे ताप, सूज, गाठी हे शरीराचे. वैद्य औषधाने व सुईने मदत करतो आणि राज्यकर्ता सदाचरणाने, असा त्या संवादाचा आशय होता. वैद्याला निर्णय घेताना धैर्य हवे आणि प्रत्यक्ष कृती करताना पातळ बर्फावरून चालणाऱ्याची सावधगिरी हवी, असेही त्यांनी सांगितले.

हे सर्व ऐकूनही लू झाओलिन बरे झाले नाहीत. गुरू निघून गेल्यानंतर त्यांची व्याधी वाढत गेली, दारिद्र्य आले आणि अखेर त्यांनी नदीत देह टाकला. चीनमधील सर्वात नामवंत वैद्याच्या सर्वात नामवंत रुग्णाचा शेवट असा झाला.

अपयश लपवणे सुन सिमियाओ यांच्या स्वभावात नव्हते, याचा पुरावा त्यांच्या ग्रंथातच आहे. महारोगासारख्या त्वचारोगाच्या सहाशेहून अधिक रुग्णांवर त्यांनी स्वतः उपचार केले. समाजाने दूर लोटलेल्या या रुग्णांची शुश्रूषा त्यांनी आपल्या देखरेखीखाली केली. त्यांपैकी साधारण दहापैकी एकच रुग्ण बरा झाला, अशी त्यांची नोंद आहे. स्वतःचे यश इतक्या अल्प प्रमाणात सांगणारी नोंद प्राचीन वैद्यकीय वाङ्मयात विरळाच आढळते.

त्यांच्या लेखनात कालबाह्य आणि घातक बाबीही आहेत. ते किमयाशास्त्राचे अभ्यासक होते. पारा व शिसे यांसारखी विषारी द्रव्ये आणि मंत्रतंत्राचे उपाय त्यांच्या ग्रंथांत आढळतात. दुसरीकडे, उमरावांमध्ये लोकप्रिय असलेल्या पाच खनिजांच्या चूर्णाचे दुष्परिणाम पाहून त्यांनी त्या योगाची प्रत हाती पडताच जाळून टाकावी, असा इशारा दिला होता.

उत्तरायुष्य आणि वारसा

आयुष्याच्या अखेरच्या काळात त्यांनी ‘छियानजिन यीफांग’ हा ३० खंडांचा पूरक ग्रंथ पूर्ण केला. पहिल्या ग्रंथातील उणिवा दूर करणे हा त्याचा उद्देश होता. त्यात आठशेहून अधिक औषधी द्रव्यांची माहिती आहे. इ. स. ६८२ मध्ये त्यांचे निधन झाले. आपले दफन साधेपणाने करावे, कबरीत मौल्यवान वस्तू ठेवू नयेत आणि प्राण्यांचा बळी देऊ नये, अशी त्यांची अंतिम इच्छा होती.

पुढील काळात त्यांच्याभोवती दंतकथांचे वलय निर्माण झाले. घशात हाड अडकलेल्या वाघावर त्यांनी उपचार केल्याची कथा प्रसिद्ध असून अनेक मंदिरांत त्यांची मूर्ती वाघासह दिसते. इ. स. ९८४ मध्ये जपानमध्ये संकलित झालेल्या ‘इशिनपो’ या वैद्यकग्रंथात त्यांच्या लेखनातील बराच भाग समाविष्ट आहे. सोंग घराण्याच्या शासनाने इ. स. १०६६ मध्ये ‘छियानजिन याओफांग’ची संशोधित आवृत्ती छापून प्रसिद्ध केली. याओझोऊ येथील डोंगर आज ‘याओवांगशान’ म्हणून ओळखला जातो आणि तेथील शिलालेखांवर त्यांचे योग कोरलेले आहेत. औषध विकत घेऊ न शकणाऱ्या वाटसरूलाही ते वाचून उतरवून घेता येत असत. १९६२ मध्ये चीनने त्यांच्या चित्राचे टपाल तिकीट प्रकाशित केले. चिनी ॲक्युपंक्चर व मॉक्सा उपचारांचा समावेश युनेस्कोने २०१० मध्ये मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला.

भारतात ॲक्युपंक्चर रुजवण्याचे श्रेय डॉ. बिजॉय कुमार बसू यांना दिले जाते. १९३८ मध्ये चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकात ते सोलापूरचे सुपुत्र डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे सहकारी होते. कोटणीस यांचे १९४२ मध्ये चीनमध्येच निधन झाले. बसू यांनी पुढे चीनमध्ये ही विद्या आत्मसात करून कोलकाता येथे तिचा वापर सुरू केला. महाराष्ट्राने ॲक्युपंक्चर उपचारांच्या नियमनासाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा केला. केंद्र सरकारने २०१९ मध्ये या पद्धतीला स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली.

आज उपचारांसाठी निर्जंतुक केलेल्या, एकदाच वापरायच्या, केसासारख्या बारीक सुया वापरल्या जातात. त्या साधारण वीस ते तीस मिनिटे ठेवल्या जातात आणि त्या जागी जडपणा किंवा मुंग्या जाणवणे अपेक्षित असते. ‘छी’चे मार्ग आधुनिक शरीररचनाशास्त्राला आढळलेले नाहीत. मात्र पाठदुखी, गुडघेदुखी, डोकेदुखी यांसारखी जुनी दुखणी आणि शस्त्रक्रियेनंतरची मळमळ यांत काही रुग्णांना या उपचारांनी आराम मिळतो, असे संशोधनांत दिसून आले आहे. हा आराम बहुतेकदा मर्यादित असतो. कर्करोग, हृदयविकार किंवा मधुमेहाचे औषध थांबवून सुयांवर विसंबणे धोक्याचे ठरते. रक्त पातळ करणारी औषधे, गर्भावस्था, पेसमेकर यांची माहिती उपचारकाला आधीच देणे आवश्यक असते. चिनी वनौषधींपैकी काही मूत्रपिंडांना व यकृताला अपायकारक ठरल्या असल्याने त्या तज्ज्ञांच्या सल्ल्याशिवाय घेतल्या जाऊ नयेत.

या पद्धतीच्या उपचारकाकडे प्रथमच जाणाऱ्या रुग्णासाठी सुन सिमियाओ यांचा जीवनपट म्हणूनच उपयुक्त ठरतो. आपला विकार नीट ऐकून घेणारा, महाग औषधाचा आग्रह न धरणारा, इतर वैद्यांची निंदा न करणारा आणि दहापैकी किती रुग्ण बरे होतात हे खरे सांगणारा उपचारक त्यांनी आदर्श मानला होता. ज्या मुलाच्या आजारपणात घरातील सर्व काही संपले, त्याने वैद्य झाल्यावर रुग्णाला सर्वप्रथम सत्य दिले. याओवांगशानवर येणारे भाविक आजही त्यांच्या मूर्तीसमोर उदबत्ती लावतात, ती याच विश्वासाच्या स्मरणार्थ.